मनातली विनंती आणि तांब्याचा हंडा

बुधवारच्या प्रार्थनेत अर्लो व्होथचा हात वर गेला, आणि तो वर गेलाय हे सगळ्यांत शेवटी अर्लोला कळलं.

गिल्बोआच्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी पास्टर इमरी विचारतात, कुणाकुणासाठी प्रार्थना करायची. मग कुणी गुडघ्याचं ऑपरेशन सांगतं, कुणी ज्वारीवर पडलेली कीड सांगतं, कुणी विचिटा शहरात नोकरी शोधायला गेलेला भाचा सांगतं. आणि ज्याला सांगता येत नाही पण गप्पही राहवत नाही, त्याने नुसता हात वर करायचा आणि म्हणायचं, "मनातली." पास्टर मान हलवतात आणि विषय संपतो. म्हणजे पास्टरांपुरता संपतो. बाकीच्यांचा तिथून सुरू होतो.

"मनातली," अर्लो म्हणाला, आणि लगेच खोकला.

खोकला ज्वारीचा होता. ऑक्टोबरात कापणी लागली की कॅन्ससभर तांबूस धूळ उडते आणि अर्लोचा घसा धरतो. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण "मनातली" म्हटल्यानंतरचा खोकला वेगळा ऐकू येतो.

मनात काय होतं ते सांगायचं तर अर्लोची नोकरी सांगायला हवी. तो गिल्बोआ ख्रिश्चन विद्यापीठाचा क्रीडासंचालक. विद्यापीठ म्हणजे आमचं पूर्वीचं कॉलेजच, डॉ. स्टँटन प्रूइट अध्यक्ष होऊन आले आणि त्यांनी पाटी बदलली. इमारती, डास आणि वसतिगृहातलं थंड पाणी आहे तेच राहिलं. क्रीडासंचालक म्हणजे मैदानावर रेघा मारायच्या, बस चालवायची, आणि संघ हरला की माजी विद्यार्थ्यांचे फोन घ्यायचे. संघाचं नाव 'ग्लीनर्स'. बायबलातली रूथ दुसऱ्याच्या शेतात पडलेला सरवा वेचायची, तसे वेचणारे. नाव ठेवणाऱ्याला नम्रता दाखवायची होती. संघाने ती मनावर घेतली.

आता, कॉलेजला धड रस्ता नसला तरी चालतं, पण क्रीडा मंडळ नसून चालत नाही. मंडळ नाही तर सामने नाहीत, आणि राष्ट्रीय संघटना तर दारातही उभं करत नाही. आमच्याकडे निम्मी पोरं खेळायला मिळतं म्हणून येतात; खेळ गेला तर उरलेल्यांसाठी एक वर्ग आणि एक घंटा पुरेल. गिल्बोआ होतं प्रेअरी बंधुत्व मंडळात. आठ लहानशी ख्रिस्ती कॉलेजं, जुन्या पास्टरांनी एकत्र आणलेली. रविवारी खेळायचं नाही, पंचाला शिवी द्यायची नाही, आणि पाहुण्या संघाला उपाशी परत पाठवायचं नाही, असे त्यांचे नियम. आणखी एक होता: दुसऱ्या मंडळाकडे कुणी गुपचूप अर्ज केला तर कळेल त्याच दिवशी हकालपट्टी. बंधुत्व म्हटलं की एवढा विश्वास असायचाच.

प्रूइटसाहेबांनी गुपचूप अर्ज केला होता. 'अमेरिकन समिट अलायन्स'कडे. समिट म्हणजे शिखर, आणि त्यांच्या चिन्हावर बर्फाचा डोंगर अन् वर गरुड. आमच्या भागात सर्वांत उंच गोष्ट धान्याचा सायलो, आणि त्यावर कबुतरं बसतात.

"बंधुत्व विकलं जात नाही, अर्लो," प्रूइट म्हणाले होते. "शिखर विकलं जातं."

"पण तिथे सामने जिंकावे लागतील, डॉक्टर."

"ते तुमच्या खात्याचं."

समिटचा निर्णय नोव्हेंबरात होणार होता. तोवर बातमी फुटली तर गिल्बोआ ना इकडचं ना तिकडचं, आणि ज्याच्या तोंडून फुटली त्याने आपल्या टेबलाचे खण रिकामे करायचे, हेही प्रूइटनी हसतमुखाने सांगून ठेवलं.

अर्लोला नोकरीची काळजी होतीच. पण घास उतरत नव्हता तो मर्लमुळे. मर्ल श्राग हा टिर्झा कॉलेजचा क्रीडासंचालक. टिर्झा म्हणजे नदीपलीकडे, मध्ये फक्त ज्वारी. दोघं तरुणपणापासून एकमेकांच्या नाकावर टिच्चून जगलेले. दरवर्षी मुलींच्या व्हॉलीबॉलचा एक सामना तांब्याच्या हंड्यासाठी व्हायचा. त्या हंड्यात एके काळी दोन्ही गावच्या बायका मिळून सफरचंदाचा मुरंबा शिजवायच्या. आता तो जिंकणाऱ्याच्या कपाटात बसतो. म्हणजे टिर्झाच्या. इतकी वर्षं तिथे बसलाय की तिथल्या पोरांना तो टिर्झाचाच वाटतो. मंडळ सुटलं की हा सामनाही सुटणार, आणि हे मर्लला कसं सांगायचं, ते अर्लोला कळत नव्हतं. म्हणून हात वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात व्हर्नेल पेनर उभी. हातात कॅसरोल: चिकन, नूडल्स, डब्यातलं मशरूम सूप, वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स. व्हर्नेलकडे प्रार्थनेची साखळी होती. ती दोघींना फोन करायची, त्या दोघी आणखी चौघींना. गावात आग लागली तर बंबाआधी साखळीला कळतं. व्हर्नेल गॉसिप मुळीच करत नाही. ती फक्त तपशील विचारते.

"अर्लो बाळा," ती म्हणाली. तिने त्याला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. "मला काही ऐकायचं नाही. नेमकी प्रार्थना करता यावी एवढ्यासाठी विचारते. छातीत आहे की पोटात?"

"काही नाही हो, सिस्टर व्हर्नेल. मी ठणठणीत आहे."

व्हर्नेलने त्याच्या गालाला हात लावला. तिचे डोळे भरून आले. असं धैर्य तिने तिच्या नवऱ्यातच पाहिलं होतं, आणि तो त्याच आठवड्यात गेला होता.

दुपारपर्यंत फ्रीजर भरला आणि ओट्यावरही जागा उरली नाही. लोर्ना, अर्लोची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर अख्ख्या शाळेसाठी रांधून घरी आली, तिने ती सगळी झाकलेली भांडी पाहिली, प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी आहे ते पाहिलं, आणि पर्स न ठेवताच विचारलं, "तू मरतोयस का?"

"नाही."

"मग मी मरतेय?"

तेव्हा अर्लोने तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. समिट, प्रूइट, मर्ल. ऐकून झाल्यावर लोर्नाने सर्वांत जवळच्या कॅसरोलचं झाकण उघडून वास घेतला.

"म्हणजे तू खरं सांगू शकत नाहीस."

"नाही."

"आणि आजारी नाहीस असं सांगितलंस, तर मग काय आहे ते शोधतील."

"शोधतीलच."

"मग काय," लोर्ना म्हणाली आणि दोन ताटल्या काढल्या. "आज स्वयंपाक नाही."

गाव आपल्याला आजारी समजतंय हे अर्लोने प्रूइटना जाऊन सांगितलं, कारण तो सांगून टाकणाऱ्यांतला होता. त्याला वाटलं ते चिडतील. ते उठून खिडकीशी गेले आणि परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. आजार उत्तम, ते म्हणाले. आजारात सभ्यता असते. आजारी माणसाला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

"मी खोटं बोलणार नाही, डॉक्टर."

"कोण बोला म्हणतंय? तुम्ही फक्त खोका."

खोकायला काही करावं लागत नव्हतं. ज्वारी अजून उभी होती. अर्लो विचारणाऱ्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगत राहिला की मला काहीही झालेलं नाही, आणि तो जितकं जास्त सांगायचा तितकी त्याची प्रकृती खालावत जायची. शुक्रवारी फुफ्फुस होतं, रविवारी दोन्ही. सोमवारी साखळी नदी ओलांडून गेली, कारण टिर्झातही चर्च आहे आणि तिथेही फोन आहेत.

मग मंडळातली माणसं भेटायला येऊ लागली. पहिला आला शूनेम कॉलेजचा संचालक डॉइल. धिप्पाड गडी, पंचांशी भांडून भांडून आवाज बसलेला. तो सोफ्याच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला, आणि एकदम म्हणाला, "अर्लो, मी तुझ्याशी कधी खोटं वागलो नाही. तू असा... म्हणजे तू जायच्या आधी मला मन मोकळं करायचंय. आम्ही समिटकडे अर्ज केलाय."

अर्लोला ठसका लागला. हा खराखुरा होता. डॉइलने घाईघाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुणाला सांगू नकोस हं," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "सांगायला तुला वेळ तरी कुठे असणार म्हणा," आणि स्वतःच रडायला लागला. लोर्नाने त्याला पीचच्या फळांचं गोड कॉबलर वाढलं. ते व्हर्नेलचं होतं.

दुसऱ्या दिवशी बेथफगे कॉलेजच्या बाई आल्या. त्यांनी स्तोत्र वाचलं, अर्लोचा हात हातात घेतला आणि समिटचं कबूल केलं. त्यानंतर तिसरे आले, चौथे आले. मरणाऱ्या माणसाइतकी सुरक्षित तिजोरी नाही, हे सगळ्यांना एकाच आठवड्यात सुचलं होतं. अर्लोला प्रत्येकाला सांगावंसं वाटायचं की अरे, आम्हीपण. पण प्रूइटना शब्द दिला होता, आणि आता या सगळ्यांनाही. आठवडा संपला तेव्हा त्याला एवढं कळलं होतं की बंधुत्व मंडळात मर्लखेरीज बंधू कुणी उरलेला नाही; बाकी सगळे अर्जदार आहेत.

आला नाही तो फक्त मर्ल. एक दिवस पायरीवर त्याच्या बायकोचा डबा मात्र सापडला, नावाच्या चिकटपट्टीसकट. आत एकावर एक बसवलेले, लोण्याचे दोनमजली पाव. दोन्ही गावांत हे पाव लग्नाला नाहीतर मयताला करतात. घरात लग्न निघालेलं नव्हतं.

"बेल वाजवायलाही थांबला नाही," अर्लो म्हणाला, आणि तो डबा बंद करून त्याने पुन्हा कुणाला उघडू दिला नाही. लोर्नाने नंतर उघडला.

हंड्याच्या सामन्याला त्या वर्षी टिर्झाचं व्यायामगृह गच्च भरलं. अर्लो आत आला तसे दोन्ही बाजूंचे लोक उभे राहिले, म्हणून तोही मागे वळून पाहू लागला की कोण आलंय. मर्लने लांबूनच हात केला. टिर्झाकडे एक उंच पोरगी होती, जिच्या हाताला छत ठेंगणं पडायचं. ती घोट्याला पट्टी बांधून बाकावर बसली होती आणि पॉपकॉर्न खात होती. ग्लीनर्स जिंकले. पाचव्या डावात, काठावर, पण जिंकले. इतक्या वर्षांनी हंडा नदीच्या अलीकडे येणार होता. अर्लो हंड्याला मिठी मारून रडला. बघणाऱ्यांना वाटलं निरोप घेतोय, म्हणून तेही रडले. पंचही रडला, आणि त्याला कुणी शिवी दिली नाही, म्हणजे नियम पाळला गेला.

नोव्हेंबरात समिटच्या अध्यक्षांचा फोन आला. प्रूइटनी अर्लोला केबिनमध्ये बोलावलं आणि फोनचा आवाज मोठा ठेवला, म्हणजे विजय दोघांना मिळून ऐकता येईल. पलीकडचा आवाज अंत्यविधीच्या दुकानातल्यासारखा होता. सहा कॉलेजांना प्रवेश दिलाय, ते म्हणाले. गिल्बोआचा अर्ज फार आवडला होता. पण या कठीण काळात तुमच्या कुटुंबावर नव्या मंडळाचं ओझं टाकणं आमच्या विवेकाला पटलं नाही. तुम्ही सध्या फक्त त्यांच्याजवळ असा.

"कुणाजवळ?" प्रूइटनी विचारलं.

"तुमच्या श्री. व्होथजवळ. अहो, टिर्झाने तर आपण होऊन अर्ज मागे घेतला. त्यांचा संचालक विश्वस्तांना म्हणाला म्हणे, अर्लो व्होथ जिवंत आहे तोवर त्याला एकटं टाकून आपण कुठे जायचं नाही. काय मैत्री असते बघा."

प्रूइटनी फोन जागेवर ठेवला.

"तुम्हाला खोकायला सांगितलं होतं," प्रूइट म्हणाले. "मरायला नाही."

अर्लोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. मर्ल थांबला. ज्याच्यासाठी थांबला तो मरत नाहीये, आणि वर तो स्वतःच चोरपावलांनी निघाला होता. त्याने घरी जाऊन तो रिकामा डबा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. लोर्ना म्हणाली, "पत्रा झिजेल. जा आता."

टिर्झाच्या व्यायामगृहात मर्ल एकटाच होता, व्हॉलीबॉलची जाळी गुंडाळत. अर्लोला पाहून तो धावत आला आणि खुर्ची पुढे केली. अर्लो बसला नाही. त्याने डबा पुढे धरला.

"मर्ल, मी आजारी नाही."

"असं नको म्हणूस. आशा असावी, पण—"

"अरे, ज्वारीचा खोकला आहे. कापणी संपली, खोकला संपला. ऐक, बघ." आणि तो खोकला नाही. दोघं थोडा वेळ त्याचं न खोकणं ऐकत उभे राहिले. मग अर्लोने बाकीचंही सांगितलं: समिटला आम्हीही अर्ज केला होता, तुला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून बुधवारी हात वर केला, आणि त्यांनी आम्हाला घेतलंच नाही, मी मरतोय म्हणून.

मर्ल खाली बसला. अर्लोसाठी मांडलेल्या खुर्चीवरच.

"म्हणजे सहाजण गेले," तो म्हणाला.

"गेले."

"आणि मंडळात आता तू आणि मी."

"मी आणि तू."

"मी त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो तुझ्याकडे," मर्ल जाळीशी बोलल्यासारखा म्हणाला. "की आम्ही जातोय समिटला. बेलवर बोट ठेवलं, आणि आतून तू खोकलास. पाव ठेवले आणि पळालो. सबंध रस्ता स्वतःला शिव्या घातल्या. मग विश्वस्तांकडे गेलो आणि टेबलावर हात आपटला."

"आपटलास?"

"दुखतोय अजून."

अर्लोला हसू यायला लागलं, आणि मर्लकडे पाहून ते थांबेना. मर्ल मात्र हसत नव्हता. तो हळूहळू उठत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अर्लोने तरुणपणापासून ओळखलेला एक भाव उगवत होता.

"थांब," मर्ल म्हणाला. "तू मरत नाहीयेस."

"नाही, सांगितलं की."

"मग माझा हंडा आण."

"कसला तुझा हंडा? जिंकलाय आम्ही."

"लेका, माझ्या उंच पोरीच्या घोट्याला काही झालं नव्हतं," मर्ल म्हणाला. "तिला वर पॉपकॉर्न घेऊन द्यावं लागलं मला, गप्प बसण्यासाठी."

हंडा अर्लोने परत दिला नाही. सामना पुन्हा खेळू म्हणाला, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा खेळले, कारण मंडळात दुसरं कुणी नव्हतंच. उंच पोरगी पहिल्या डावापासून उभी होती. हंडा नदीपलीकडे त्याच्या जुन्या कपाटात जाऊन बसला, आणि अर्लोला, खरं सांगायचं तर, कॉलेजात त्याची जागा शोधावी लागली नाही म्हणून बरं वाटलं.

बुधवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल केलं. आजार नव्हता, क्रीडा मंडळ होतं. मग व्हर्नेल उठली. "आम्ही तू जगावास म्हणून प्रार्थना केली," ती म्हणाली. "जगलास. आमचं काम झालं. भांडी तेवढी रविवारपर्यंत परत कर."

राष्ट्रीय संघटनेने मंडळ बरखास्त करायला नियम उघडले, तर तिथे एवढंच होतं की मंडळात एकाहून अधिक सभासद हवेत. नियम लिहिणाऱ्याला याहून वाईट काही सुचलं नव्हतं. मंडळ वाचलं. शूनेम आणि बेथफगे हल्ली समिटमध्ये गरुडाच्या शर्टात एकमेकांशीच खेळतात, कारण बाकीची कॉलेजं फार लांब पडतात. आणि प्रूइटसाहेब, जे महिनाभर अर्लोशी बोलत नव्हते, त्यांनी एक दिवस निकालांचा तक्ता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि हमरस्त्यावर मोठा फलक लावला: 'गिल्बोआ ख्रिश्चन विद्यापीठ. प्रत्येक खेळात, प्रत्येक वर्षी, मंडळातल्या पहिल्या दोन संघांत.' त्या वर्षी प्रवेश वाढले. नदीपलीकडे टिर्झानेही तसाच फलक लावला.

त्यानंतर बुधवारी पास्टर इमरींनी विचारलं की अर्लो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो. हिवाळा असाच गेला. ईस्टर जवळ आला तेव्हा एका बुधवारी त्याच्या शेजारून एक हात सावकाश वर गेला.

"मनातली," लोर्ना म्हणाली.

अख्खं चर्च वळलं आणि अर्लोकडे बघू लागलं. व्हर्नेलने पर्समधून फोन काढला.

गाडीत बसल्यावर अर्लोने दोनदा किल्ली लावली, दोनदा काढली. शेवटी त्याने विचारलं, "काय झालंय, लोर्ना? काहीही असलं तरी मला सांग."

लोर्ना समोरच्या काचेतून शांतपणे बघत होती.

"फ्रीजर रिकामा झालाय," ती म्हणाली.